बुधवारची सभा

आई, तुझ्या मातृमंडळाचा इतिहास लिहून देण्याचे काम मंडळातील सुनांनी माझ्यावर सोपविले आहे. भाषा शुद्ध हवी, म्हणून मी. आणि त्या काळातले दुसरे कोणी उरले नाही, म्हणूनही मीच. या तमिळ मुलखातले आपले मराठी राज्य खालसा झाल्यावर पुरुष कचेऱ्यांत शिरले, मुले इंग्रजी शाळेत अर्थ न कळता पाठ म्हणू लागली, आणि मराठी गोष्टी-गाणी निदान घरात तरी त्यांच्या कानांवर पडावीत म्हणून राजवाड्यामागच्या गल्लीतील आयांनी आठवड्यातली एक दुपार मुलांसाठी राखली. येथवर लेखणी सुरळीत चालली. मग सुना म्हणाल्या, "तात्या, सभा बुधवारीच का भरते, तेही लिहा." तू जन्मभर एकच उत्तर दिलेस, "सोयीचं पडतं." खरे कारण ठाऊक असलेला आता मी एकटाच आहे.

आरंभी सभा शुक्रवारी असे, हळदीकुंकवाला जोडून. ओटीवर बायका, अंगणात आम्ही मुले, आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, दार लोटून, आत्या. बाबांची ही विधवा बहीण त्या दिवशी कोणाच्या दृष्टीस पडायची नाही. तसे कोणी सांगत नसे. सांगावे लागत नसे. एका शुक्रवारी तू सुंडलाचे, उकडून फोडणी दिलेल्या हरभऱ्यांचे, ताट घेऊन येतेस आणि थबकतेस. आम्ही सगळी मुले ओटीकडे पाठ करून त्या बंद दारासमोर बसलो आहोत आणि दाराआडून आत्या गोष्ट सांगते आहे, तिचा राक्षस पानै भरभरून पाणी पितो आहे. मी ऐटीत दाराला सांगतो, "आत्या, 'पानै' हा तमिळ शब्द आहे. 'घागर' म्हण." ताट खाली ठेवून तू मला म्हणालीस, "आधी राक्षसाला पाणी पिऊ दे. व्याकरण तहानेनं मरत नाही." सगळी हसली, दारही हसले. तू मात्र बराच वेळ त्या दाराकडे पाहत उभी होतीस.

पुढच्याच आठवड्यात तू घरोघर निरोप धाडलास, की मुलांची सभा यापुढे बुधवारी. वकिलीणकाकू तडक आल्या. त्या फिरल्या तर निम्मी गल्ली फिरणार, हे तुलाही माहीत होते.

"अगो, शुक्रवार सोडून बुधवार? लक्ष्मीनं काय रजा मागितली की काय तुझ्याकडे?"

"कुंकवाला शुक्रवारी याच, काकू. पण पोरांना कुंकू कशाला?"

"आणि ते दार?"

"बुधवारी ते उघडं असतं."

काकू आल्या तशा निघून गेल्या. पहिल्या बुधवारी गल्लीतली तीनच मुले आली. आत्या उंबऱ्याच्या आतच खिळलेली, आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. "वहिनी, मी आतूनच सांगते. दार ओढून घ्या." तू म्हणतेस, "वन्सं, पोरांचा राक्षस ऐकून झालाय. आता त्यांना तो बघायचाय." आणि तिचा हात धरून तिला अंगणात आणतेस. गोष्ट अर्ध्यावर असताना काकू दोन नातवंडे घेऊन आल्या, अंगणाच्या कडेला अर्ध्या पाठमोऱ्या बसल्या. राक्षस झोपला. आत्या अशी घोरली, की खांबावरची खार पळाली. काकूंची पाठ हलू लागली, मग त्या वळल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "पुन्हा घोर बघू गो, पुन्हा एकदा!"

पुढे वीस-पंचवीस मुले जमत. एरवी दुपारी निजणारी आत्या बुधवारी निजलेली मी कधी पाहिली नाही. तू गप्प राहिलीस, म्हणून कोणाला लाज न वाटता ते दार उघडले, हे मी जाणतो. पण त्या मौनाचा दुसरा परिणाम असा, की मंडळाच्या आजच्या बायकांना आत्या मुळी ठाऊकच नाही. म्हणून मी 'सोयीसाठी' हा शब्द खोडला आणि सगळे सविस्तर लिहिले.

हे पत्र कोठे पाठवायचे नाही, तेव्हा आणखी एक सांगतो. संस्थापिका म्हणून मी आत्याचे नाव आधी घातले आहे, तुझे नंतर. कोणी विचारले, तर वयाने मोठी म्हणून, असे सांगेन. ती तुझ्याहून लहान होती, हे आता येथे कोणालाही माहीत नाही.