कणगलकोप्पची एकवीस घरे

मी, श्रीकांत अप्पाजी नरगुंदकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त वनक्षेत्रपाल, राहणार विद्यानगर, हुबळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन शाबूत आहे असे मात्र म्हणवत नाही. गेल्या दोन महिन्यांत जे कळले त्याच्या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही. तरी लिहितो ते समजून लिहितो. २०१५ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. विद्यानगरचे राहते घर आणि बँकेत जे असेल ते माझी पत्नी सौ. वत्सला हिचे. तिच्यानंतर मुलगी वेदश्री व मुलगा अनिकेत यांनी घर समसमान घ्यावे. वत्सला असेपर्यंत घर विकण्याची गोष्ट तिच्यासमोर काढू नये, हळू आवाजातही नाही. तिला सगळे ऐकू येते.

२. दुर्गदबैल बाजारातले वडिलांचे भांड्यांचे दुकान धाकटा भाऊ सतीश याच्याकडे आहे. वडील अंथरुणाला खिळलेले असताना त्याने दुकानाच्या कागदावर त्यांची सही घेतली. त्यावरून मी बावीस वर्षे त्याच्याशी बोललो नाही, त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेलो नाही. न वाचता सही करणारे आमच्या घरात वडील एकटेच, असे मी समजत होतो. दुकानावरचा माझा दावा मी सोडतो. सतीशला हे मृत्युपत्र वाचायला द्यावे.

३. माझ्या पंचवीस डायऱ्या, सन १९८७ ते २०११, यल्लापूर तालुक्यातील कणगलकोप्प येथील मरिया बस्त्याव सिद्दी हिला द्याव्यात. हे कलम लांबणार आहे.

कणगलकोप्प ही जंगलातली, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांची वस्ती, एकवीस घरांची. तिथल्या नऊ जणांची राखणदार तुकडी मी वीस वर्षे चालवली असे सरकारी कागद म्हणतो. खरे पाहता चालवली बस्त्याव सिद्दीने. मी दर्जाने पुढे, तो वाटेने पुढे. वणवा कुठून वळेल हे तो वाळलेला पाला मुठीत चुरून सांगायचा. मधाचे पोळे काढताना अर्धे ठेवायचे, हे त्याने मला शिकवले आणि मी ते परिपत्रकात लिहून शाबासकी मिळवली. दोन हिवाळे आमची तुकडी कारवारकडे कासवांची अंडी राखायला पाठवली होती. बस्त्यावने समुद्र तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पाणी चाखून म्हणाला, "साहेब, आमचे सगळे ओढे इथं येऊन खारट होतात, होय?" आठवड्याभरात तो कोळ्यांना भरतीच्या रेषेवर कुंपण घालायला शिकवत होता.

मी निवृत्त झाल्यावर तो दर जानेवारीत मध घेऊन हुबळीला यायचा. जेवायचा, वत्सलाच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, संध्याकाळच्या बसने परत जायचा. गेल्या जुलैत तो वारला. मला कळले तेव्हा मातीही होऊन गेली होती.

ऑक्टोबरात एका दुपारी मरिया, त्याची मुलगी, आली. पाणीसुद्धा न घेता तिने एक झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"साहेब, ही सही तुमचीच काय?"

सही माझीच होती. वर टाइप केलेले होते: पाहणीच्या दिवशी सदर ठिकाणी मानवी वस्ती आढळून आली नाही. तारीख १४ मार्च १९९९. याच कागदावर बोट ठेवून वस्तीचा जमिनीच्या हक्काचा अर्ज २०१६ मध्ये फेटाळला गेला होता.

मी कपाटातून १९९९ ची डायरी काढली. पान मरियानेच उलटले. १४ मार्च: "सकाळपासून कणगलकोप्पच्या उत्तरेला वणवा. एकवीसही घरांतली माणसे आग अडवायचा पट्टा तोडायला. बस्त्यावचा डावा हात भाजला. त्याच्याच घरी जेवलो, नाचणीची भाकरी."

म्हणजे ज्या दिवशी मी त्यांच्या घरात जेवत होतो, त्याच दिवशी मी लिहून दिले की तिथे घरच नाही.

कसे, ते सांगतो. त्या फेब्रुवारीत माझे तेव्हाचे वरिष्ठ म्हणाले होते, "नरगुंदकर, तुम्ही महिनाभर आगीच्या मागे असणार. फॉर्म अडकायला नकोत, सह्या करून ठेवा." मी चाळीस कोऱ्या फॉर्मांवर सह्या केल्या आणि जीपमध्ये बसलो. पुढे कधी विचारले नाही. ते वरिष्ठ आता हयात नाहीत आणि मी त्यांच्यामागे लपणार नाही.

मी मरियाला विचारले, "बस्त्यावला हे माहीत होते?"

"आठ वर्षं. कुणी कारकुनानं लिहिलंय म्हणून वस्तीला सांगितलं. कागद ट्रंकेत तळाला ठेवला. आईला तेवढं बोलले, साहेबाला दाखवलं तर ते परत आपल्यात जेवायला बसणार नाहीत."

आठ जानेवाऱ्या तो माझ्यासमोर बसून गेला. मध ठेवून गेला. मी त्याला, अर्जाचे काय झाले रे, असेही विचारले होते. "चाललंय, साहेब," एवढेच म्हणाला. हे मला समजत नाही. रोज प्रयत्न करतो, समजत नाही.

त्याच दिवशी मी, हे घर वस्तीच्या नावाने करतो, असे काहीतरी बोलून गेलो. मरिया उठून उभी राहिली. "तुमचं घर नको आमाला. आमचं घर हाय, तेवढं सांगा."

अनिकेतने फोनवर खूप समजावले. "अप्पा, केस होईल. पेन्शन थांबेल. आईचा तरी विचार करा." वत्सलाने फोन काढून घेतला आणि म्हणाली, "आईने विचार केला आहे."

११ नोव्हेंबरला जमिनीच्या हक्काच्या समितीपुढे प्रतिज्ञापत्र व डायऱ्या ठेवल्या. अधिकाऱ्यांनी कन्नडमध्ये विचारले, "तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" मी म्हणालो, "तेव्हा." त्यांनी ते नोंदवून घेतले. मग जानेवारीत वस्तीची फेरपाहणी होईल असे लिहून दिले. परतीच्या बसमध्ये कलघटगीजवळ माझ्या छातीत कळ आली. डॉक्टर जानेवारीचे काही सांगत नाहीत. म्हणून हे मृत्युपत्र.

४. माझी दुर्बीण, होकायंत्र व शिट्टी तुकडीत सध्या जे काम करतात त्यांना. निरोप समारंभातले चांदीचे झाड कोणालाही देऊ नये. ते मोडीत घालावे.

५. पेपरात माझ्याबद्दल लेख देऊ नये. जंगलाचा रक्षक वगैरे शब्द कोणी बोलू लागल्यास वेदश्रीने त्याला थांबवावे.

६. फेरपाहणीच्या दिवशी मी नसल्यास माझ्या जागी वेदश्रीने जावे. ती शिक्षिका आहे, रजा मिळेल. अधिकारी जीपपाशीच उभे राहिले तर त्यांना आत न्यावे. एकवीसही घरी जावे, बसावे, पुढे येईल ते खावे. घरातल्या प्रत्येकाचे नाव विचारून लिहून घ्यावे. मग आपल्या वडिलांचे नाव सांगावे. त्यानंतर ते जे बोलतील ते पूर्ण ऐकून घ्यावे. मध्ये बोलू नये. माझी बाजू मांडू नये.

वरील सर्व मी दोनदा वाचले असून प्रत्येक पानावर सही केली आहे.

स्थळ: हुबळी
दिनांक: ९ डिसेंबर २०२४
(सही) श्रीकांत अप्पाजी नरगुंदकर

लिहून ठेवणाराने आमच्यासमोर, आम्ही दोघांनी एकमेकांसमोर सही केली:
१. कुसुमावती जयतीर्थ कट्टी, निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारी
२. डॉ. श्रीवत्स देशपांडे, धारवाड