माय, सारस जेवतो!

प्रिय माय,

काल मोठेबाबांनी तुझ्या पहिल्या स्मृतिदिनाचं बॅनर व्हॉट्सॲपवर पाठवलं. फोटो चांगला निवडलाय, अंगणवाडीच्या कार्यक्रमातला. त्यात तू कोणाला तरी रागावता रागावता हसतेयस. पण फोटोखालची ओळ वाच: ‘सारसाची जोडी तुटली, पण व्रत नाही तुटले. त्यागमूर्ती मातेस विनम्र अभिवादन.’ आणि त्याखाली बाबांच्या या थोरल्या भावाचा मला हुकूम: ‘तू बाहेरदेशी शिकून राहिली. मायवर दोन पानं चांगले लिहून धाड. भन्तेजींच्या प्रवचनानंतर वाचू.’

लिहायला बसले, तर त्या ओळीच्या पुढे हात जाईना. मोठेबाबांना काय लिहायचं ते तुझ्याशी भांडल्याशिवाय ठरणार नाही, म्हणून हे पत्र आधी तुलाच.

आणि योगायोग बघ! बॅनर काल आलं, आणि गेल्याच शनिवारी मी इथल्या प्राणिसंग्रहालयात सारस बघून आले.

हसू नकोस. आपल्या गावच्या बोडीच्या पाण्यात फुकट दिसणारं पाखरू बघायला पोरीनं जर्मनीत तिकीट काढलं, असंच म्हणशील ना? अगं, वर्गातले आम्ही सहा जण गेलो होतो. माझ्या खोलीत राहणारी पोलंडची मार्ता सगळ्यांत पुढे, हातात नकाशा घेऊन. वाघापाशी पोचलो तेव्हा सगळे वाघाला सोडून माझ्याकडे बघायला लागले, जणू तो माझा चुलतभाऊच! मी सांगितलं, आमच्या नाकाडोंगरीकडच्या जंगलात आहेत, एकदा शेजाऱ्यांची शेळी नेली होती. कोणी विश्वास ठेवला नाही. उलट त्या वाघाला काचेआड झोपलेलं बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग उकडलेली अंडी आणि पाव खात होतो आणि मागच्या बाजूनं आवाज आला. तू ओळखला असतास. आधी एकाचा, लगेच दुसऱ्याचा, दोघांचा मिळून एक. मी तोंडातला घास तसाच ठेवून पळत सुटले. जाळीच्या आत ओल्या गवतात दोघं उभे होते, लाल मान, राखी अंग, मार्ताच्या खांद्याएवढे उंच. मी मराठीतच ओरडले, "सारस! आमचे सारस!"

गमबूट घातलेली, साठीची एक बाई बादली घेऊन त्यांना दाणे टाकत होती. मी कुठली ते तिनं विचारलं. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, आणि आमच्याकडे या पक्ष्याबद्दल काय बोलतात तेही सांगितलं. जोडीतला एक मेला की दुसरा अन्न सोडतो आणि झुरून मरतो. तुलाही पाठ होतं ते. मोठेबाबांनीच आम्हा पोरांना शेताच्या धुऱ्यावर उभं करून सांगितलं होतं.

त्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि मादीकडे बोट केलं. म्हणाली, हिचा पहिला जोडीदार इथेच मेला. महिना-दीड महिना ही कोपऱ्यात उभी असायची. खायची कमी, पण खायची. मग दुसरीकडून हा नर आणला आणि शेजारच्या जाळीत ठेवला. आधी हिनं त्याच्याकडे पाठ केली. हळूहळू दोघं जाळीच्या दोन बाजूंनी सोबत चालायला लागले. एक दिवस दोघं नाचताना दिसले, तेव्हा मधलं दार उघडलं. आता तीन वर्षं झाली, अंडीही घालते. "आणि माशाचा मोठा तुकडा नेहमी हीच पळवते," असं म्हणून ती बाई मोठ्यानं हसली.

माय, मी तिथे जाळीला धरून रडले. दुःखानं नाही, संतापानं! मार्ताला वाटलं मला घराची आठवण येतेय. तिनं मला जवळ घेतलं, चॉकलेट दिलं. तिला काय सांगू? की हे पाखरू पुढे करून मी तेरा वर्षांची असताना माझ्या मायला जिवंतपणी बांधून घातलं होतं?

रामटेके काकांचं सांगतेय. इतकी वर्षं आपण दोघींनी हे नाव घरात घेतलं नाही, पण आता घेणार. ढोरांच्या दवाखान्यात होते, बायको वारलेली, मूलबाळ नाही. आपली तांबडी गाय व्याल्यावर बसली ती उठेना, तेव्हा तिला सलाईन लावायला आले. गाय आठवड्यात बरी झाली, काकांचं येणं मात्र थांबलं नाही! कधी माझ्या सायकलची चेन बसवून दे, कधी कोंबड्यांची लस. बाबा कावीळ होऊन गेले त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या दिवसांत तू अंगणवाडीत जाताना केसांना तेल लावून, नीट भांग पाडून जायचीस. माझ्या ते डोळ्यांत खुपायचं.

काकांनी आडून काही केलं नाही. सरळ आजीला विचारलं. आणि तुझी आई, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, काय म्हणाली आठवतं?

"माहाबी त पाटच होता ना! पहिला नवरा मेला, मंग तुह्या बापासंग पाट लागला. कोणतं आभाळ कोसळलं? पाट नसता त तू कोठून आली असती, सांग!"

सांग ना! पाट नसता तर तू नसतीस, आणि मीही नसते. आपलं अख्खं घरच विधवेच्या दुसऱ्या लग्नातून आलंय. पण मोठेबाबा म्हणाले, "पाटबीट अडाणी लोकाईचं. आता आपण शिकलेले, नोकरीवाले. लोकं काय म्हणतीन?" अरे वा! ज्यांनी आपल्या पणज्याला विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांच्या घरातलं हे विधवेला कोंडायचं वागणं आपण शिकून-सवरून उचललं, आणि त्याला सुधारणा म्हटलं? छप्पन साली दीक्षा घेऊन सगळं मागे टाकून निघालेली माणसं आपण, आणि नेमकं हेच तेवढं बाहेरून आणून घरात ठेवलं!

पण मोठेबाबांवर सगळं ढकलून मी सुटणार नाही. तू त्यांचं ऐकलंच नव्हतंस. तू माझं ऐकलंस.

दुपार होती. घरापुढच्या सपरीत बसून तू सुपात तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता तू विचारलंस, "पोरी, रामटेके काका आपल्या घरी राह्यले त तुले कसं वाटंन?" मी वही बंद केली. मला आजही त्या वहीचं कव्हर आठवतं, पण तुझा चेहरा आठवत नाही, कारण मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मी म्हटलं, "जोडी गेली त सारस अन्न सोडते. तू त दोन टाइम जेवून राहिली."

तुझा हात थांबला. मग तू म्हणालीस, "बरं." आणि सूप पुन्हा हलवायला लागलीस.

काहून थापड नाही मारलीस मला? परवचा चुकला तर मारायचीस, कोंबडीच्या पिल्लावर पाय पडला तेव्हा मारलंस. इथे का हात आखडला? तेरा वर्षांच्या पोट्टीला काय कळतं, म्हणून एक ठेवून द्यायची होतीस आणि लग्न करायचं होतंस. मी चार महिने रुसले असते. रुसून कुठे गेले असते? गाव केवढं! काकांच्याच सायकलवर बसून शाळेत गेले असते!

काकांनी तर मला फाटकाशी गाठून समजावलंसुद्धा. "बाई, सारस दुसरी जोडी करते. मी सोता पाह्यलो." मी त्यांना काय म्हटलं माहीत आहे? "तुमी ढोराचे डॉक्टर, पाखराचं तुमाले काय समजते?" ते हसले आणि गेले. मला तेव्हा वाटलं मी जिंकले.

त्यानंतर तू माझ्यासमोर जेवेनाशी झालीस. "तू जेव आंधी, मी मंग जेवतो." रोज! झिंग्याची चटणी केलीस तरी माझं ताट वाढून तू चुलीकडे तोंड करून बसायचीस. मैत्रिणींना मी कौतुकानं सांगायचे, माझी माय मला जेवू घातल्याशिवाय घास घेत नाही. किती वर्षं मी त्याला माया समजले! आज बॅनरवर त्यालाच त्याग म्हणून छापलंय. तो माझ्या एका वाक्याचा मार होता, माय, आणि तू तो दिवसातून दोनदा खाल्लास.

काल बॅनर बघितल्याबरोबर मी मोठेबाबांना फोन लावला.

"मोठेबाबा, ते सारसाची ओळ काढा."

"काहून? चांगली त आहे. छापून झालं ना बाप्पा."

"खोटी आहे. सारस दुसरी जोडी करते. मी पाहून आली."

"तू तिकडं शिकाले गेली का पाखरं पाहाले गेली?"

"माय लगन करणार होती. तुमाले माहीत आहे, मले माहीत आहे."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "मेलेल्या माणसाची इज्जत असते, प्रज्ञा. कायले उकरून राहिली?"

मी म्हटलं, "इज्जत तिचीच आहे ना? मंग तिच्या मनात होतं ते सांगू द्या." त्यांनी फोन ठेवला. वाईट माणूस नाहीत ते, मला ठाऊक आहे. बाबा गेल्यावर धानाची रोवणी त्यांनीच करून दिली. पण म्हणून तू कशी जगलीस हे ठरवायचा हक्क त्यांना मिळत नाही, आणि या बाबतीत मी आता कोणाचंही ऐकणार नाही.

मग मी रामटेके काकांना फोन केला. तुझ्या जुन्या मोबाइलमधले सगळे नंबर मी माझ्या मोबाइलमध्ये उतरवून घेतले होते, त्यात त्यांचाही होता, ‘ढोर डॉक्टर’ नावानं. रिटायर होऊन आता शहापूरला राहतात. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "प्रज्ञा? तांबडी गायवाली?" मी माफी मागायला लागले, त्यांनी मागू दिली नाही. मी म्हटलं, माझ्यामुळे मायनं तुम्हाला नाही म्हटलं.

"नाही म्हटलंच नाही तिनं," काका म्हणाले. "पोरगी मोठी होऊ द्या म्हणे. तिच्या तोंडून हो येऊ द्या. तू नागपूरले कॉलेजात गेली, तवा मी आखीन एकडाव पुसलो. पुसतो पोरीले, म्हणे तुही माय."

तू विचारायला आली होतीस, माय! काल फोन ठेवल्यावर मला तो दिवस आठवला. तू काही काम नसताना हॉस्टेलवर आलीस, डबा घेऊन. पलंगावर बसलीस, उगाच चादर सारखी करत राहिलीस. मग म्हणालीस, "यंदा बोडीवर सारस आले." मी मोबाइलमध्ये बघत म्हटलं, "हो का?" तू रिकामा डबा पिशवीत घातलास. साडेतीनच्या गाडीनं परत गेलीस.

तेव्हा मी विसरले होते गं! मी बोललेलं मीच विसरले, आणि तू ते सांभाळत बसलीस. एवढी कशी भित्री तू? अख्ख्या पंचायतीशी अंगणवाडीच्या छतासाठी भांडलीस आणि स्वतःच्या पोरीला एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारू शकली नाहीस? मला याचा राग आहे. तुझ्यावर आहे, आणि तुझ्याहून जास्त माझ्यावर आहे.

दोन पानं मी पाठवणार नाही. मी स्वतः येतेय, तिकीट काढलं. ते बॅनर मंडपावरून मी माझ्या हातानं उतरवणार, मोठेबाबा कितीही ओरडू देत. तुझा फोटो ठेवू, खाली फक्त तुझं नाव. काकांना बोलावलंय. आधी नको म्हणत होते, मग म्हणाले, मागे कुठे तरी बसतो. मी म्हटलं, पहिल्या रांगेत बसाल, माझ्या बाजूला. ज्याला चालणार नाही त्यानं खीर न खाता घरी जावं.

आणि वचन देते, भन्तेजींचं प्रवचन झालं की मी सगळ्या गावासमोर उभी राहून सांगणार: माझ्या मायला रामटेके काकांशी लग्न करायचं होतं. तिनं मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं होतं. ती माझ्या उत्तराची वाट बघत गेली.

मग तुझ्याकडे वळून, मोठ्यानं, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हणणार:

हो, माय. लाव पाट.

तुझी, मोठी व्हायला फार उशीर केलेली,
प्रज्ञा