मी न दिलेली बातमी

बाबा, मला भीती वाटते आहे, आणि ती सांगावी असं बातमीतलं कळणारं माणूस घरात आता उरलं नाही. तुमच्या वार्ताहरकीच्या काळात बातमीचं पाकीट ठाण्याच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायचं आणि छापून येईपर्यंत वाट बघायची. आता शहापूरला तुमच्याच दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी फोनसमोर बातमी सांगते, आणि माझं बोलणं संपत नाही तोच सिद्धगडाखालच्या पाड्यावरून उलट निरोप येतो. तुम्हाला मोठी गंमत वाटली असती. लोक मला ताई म्हणतात, मी सांगेन ते खरं मानतात. त्यातली निम्मी पुण्याई तुमची.

मी कॉलेजात होते. एसटी स्टँडवर ऐकलेली एका भांडणाची बातमी मी ऐटीत लिहून आणली होती. तुम्ही स्वयंपाकघरात भाकरी खात होता. कागदाकडे न बघताच विचारलंत, "पाणी कुणाकडं प्यालीस गो?" कुणाकडेच नाही, म्हटलं. "मग ही बातमी नाय. ज्याच्यावर लिवायचं त्याच्या घरचं पाणी आधी प्यायचं. खोटं लिवताना हात अडतो मग." आई हसली आणि मला रडू फुटलं. तेव्हापासून मी ज्याच्या त्याच्या घरी पाणी पीत आले आहे, तहान असो वा नसो.

मुरबाडजवळ म्हसाची जत्रा भरली आहे; घोंगडी विकणाऱ्यांनी तिथे राहायला पालं ठोकली आहेत. काल दुपारी मुरबाडच्या एका ओळखीच्या भाजीवाल्याचा फोन आला. "ताई, तुमची बातमी बघितली. घोंगडीवाल्यांच्या पालांवर निघालोय आमी." कुठली बातमी? त्याने पाठवलेला व्हिडिओ उघडते तर समोर मीच. आपली पायरी, माझी निळी ओढणी, माझा आवाज, बोलताना मान कलती करायची माझी खोडसुद्धा. ती सांगते आहे की घोंगडीवाल्यांच्या पालात पळवून आणलेलं मूल आहे. बाबा, मी हे बोललेच नव्हते. माझ्या जुन्या बातम्या यंत्राला चारून कुणीतरी ही दुसरी मी बनवली होती. आधी पोलिसांना फोन केला, मग 'हे खोटं आहे' असं सांगणारा व्हिडिओ टाकला आणि स्कूटर काढली. तिकडे निघालेल्यांनी त्या घोंगडीवाल्यांना काही केलं तर ते माझ्या शब्दावर केलेलं असेल, एवढंच वाटभर डोक्यात होतं.

पोहोचले तेव्हा पालाला वेढा पडला होता. आत एक बाई मूल छातीशी घट्ट धरून बसली होती. मूल गोरं आणि बाई सावळी, एवढाच लोकांचा पुरावा. मी ओरडले, "मी असं बोललेच नाही! तो व्हिडिओ बनावट आहे!" भाजीवाल्याने हातातल्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, कुणी दम दिला काय तुमाला? घाबरू नका. आमी हाय ना." तो माझ्याच बाजूने उभा होता, त्याचंच मला जास्त भय वाटलं. मग तुमचं ऐकलं. पालात शिरले, त्या बाईच्या कळशीतलं पाणी सगळ्यांदेखत प्याले. कुणीतरी त्याचाही व्हिडिओ काढला, आणि पोलीस येण्याआधीच तो फिरायला लागला: ताईंना मुलं पळवणाऱ्या टोळीने फोडलं. लोक पांगले ते पोलिसांच्या काठीने, माझ्या सांगण्याने नव्हे. मूल त्या बाईचंच होतं. त्या कुटुंबाने अर्धी जत्रा सोडून टेम्पोत घोंगड्या भरल्या. मी मदतीला हात लावायला गेले तर बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. तिनेही तो व्हिडिओ बघितला होता.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही ते बरंच आहे, कारण एक गोष्ट जिवंत माणसाला सांगायची माझी छाती नाही. सकाळपासून मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावते आहे. ओठांत, आवाजात कुठेतरी खोट सापडेल, ती लोकांना दाखवता येईल, म्हणून. सापडत नाही. आणि मघाशी, बाबा, हे शब्द मी नेमके कधी बोलले होते, ते मी आठवायला लागले.