दातांच्या पुस्तकातला भूतकाळ

प्रिय मावशी,

उभ्याउभ्याच पाया पडतो, हातांना खळ लागली आहे. पत्र लिहायचं तीन महिने टाळलं, ते आळसाने नव्हे, लाजेने. (थोडं आळसानेही.) तुझे गुडघे आणि काकांचा खोकला आता बरा असावा.

मी सध्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात आहे. त्याआधी सायकली दुरुस्त करत होतो, त्याआधीचं विचारू नकोस. मालक सत्तरीचे. त्यांचा मुलगा परदेशी गेला, तिथेच संसार केला आणि गेल्या वर्षी वारला. त्याच्या मुलीला फक्त फ्रेंच येतं. ती पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच येणार, तिला बापाच्या लहानपणच्या गोष्टी सांगायच्या, म्हणून मालकांनी रद्दीतून फ्रेंचचं एक व्याकरण आणलं. पानं सुटली होती. शिवायला माझ्याकडे दिलं.

त्याच दिवशी एका दंतवैद्यांचा जाडजूड ग्रंथ आला होता. दोन्हींची पानं टेबलावर शेजारीशेजारी, आणि मी खिडकीतून दोन माणसांचं शिडीवरून चाललेलं भांडण बघत होतो (शिडी नेमकी कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही). परिणामी फ्रेंचचा अख्खा भूतकाळ, सोळा पानं, दातांच्या ग्रंथात शिवला गेला आणि व्याकरणात हिरड्यांचे विकार आले. मालकांना वाटलं, तोंडाची चित्रं उच्चारासाठी दिली असावीत. त्यांनी ती आरशासमोर बसून गिरवली.

मला कळलं तेव्हा दंतवैद्य ग्रंथ घेऊन गेले होते. अनुक्रमणिकेत एवढंच दिसतं की 'खाल्लं'ला एक सहायक क्रियापद लागतं आणि 'पडला'ला दुसरंच. कुठलं, ते दातांच्या पुस्तकात.

मालक खळ ढवळत सराव करतात. त्यांच्या फ्रेंचमध्ये सगळं वर्तमानकाळातच: मुलगा सहा वर्षांचा आहे, शाळेतून पळून येतो, खळीच्या पिंपात पडतो. परवा मध्येच थांबून म्हणाले, "अरे, हा मोठा कसा होत नाही?"

मी म्हटलं, "पुढच्या धड्यात होईल."

तुझा,
भिरभिऱ्या

ता. क. ते दंतवैद्य आता तुझ्याच गल्लीत दवाखाना थाटून बसलेत. तुझे दात ठणठणीत आहेत हे माहीत आहे, तरी एखादी दाढ दुखव. ते हात धुवायला वळले की कपाटातल्या निळ्या ग्रंथातून ती सोळा पानं काढून घे. ब्लेड ने.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच दारात पाठीवर बॅग घेतलेली मुलगी उभी. नात. महिनाभर आधीच. मालकांनी तिला स्टुलावर बसवून लगेच सुरुवात केली: मुलगा पळतो, पिंपात पडतो. तिला भूतकाळ येत असणारच, पण तिने तो काढला नाही. पुढे वाकून, त्यांच्याच चालीवर, सावकाश विचारलं, "मग बाबा काय करतो?"

दाढ राहू दे.