कांजीची चादर

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा! दुधनीहून जीपमध्ये ज्वारीच्या दोन पोत्यांच्या मधे बसून तासभर हाडं खिळखिळी करून घेतली, पण उतरल्यावर समोर भीमा दिसली आणि सगळा शीण गेला. पात्र इथं चांगलंच रुंद आहे. पलीकडचा काठ कर्नाटकातला, अलीकडे हे नदीकाठचं सहलीचं ठिकाण. बारा तंबू, सहा पायडलच्या बोटी, एक मोटारबोट, मागच्या टेकडीवर चढायला आखलेली पायवाट आणि पत्र्याखाली भटारखाना. ठेका अण्णाराव नावाच्या गृहस्थांकडे आहे. ते महिन्यातून एकदा गाडीतून येऊन काच खाली करतात म्हणे. आजपासून मी त्यांचा मॅनेजर.

एकवीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात तपासणीला होतो. घडी पडण्याआधी प्रत्येक चादर माझ्या हाताखालून जायची. तुटका धागा, तेलाचा डाग, वाकडी किनार, काही म्हणता काही सुटायचं नाही. दिवाळीत कारखान्याला कुलूप लागलं आणि आम्ही दोघं सासुरवाडीला जाऊन पडलो. तिथं मेहुणा रोज ताटावर बसल्यावरच विचारायचा, दाजी, कुठं काही जमतंय का? मी अर्ध्या ताटावरून उठायचो.

इथं राहायला स्वतंत्र खोली आहे, पुढं पडवी, आत नळ. रविवारी काव्याला आणतो. तिला पाचवा महिना आहे, लग्नानंतर नऊ वर्षांनी. तिला आणि बाळाला स्वच्छ जागेत ठेवायचं, एवढं एकच काम देवानं माझ्यावर सोपवलंय असं समजून चाललोय.

स्वयंपाक आणि धुणं बघायला दानम्मा आहे, साठीची, कामाला वाघ. बोटी बघायला बिरप्पा. मी आल्या आल्या खोली दोनदा फिनाइलनं पुसली, तर दानम्मा पदराआड हसून म्हणाली, ‘‘साहेब लई सोवळ्याचं हायत की!’’ असू दे. घाणीशी माझं कधी पटलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

माणसं सहलीला येतात म्हणजे घाण करायला येतात, असं माझं दोन दिवसांत ठाम मत झालंय. काल नवी पेठेतले कापडवाले आले होते, सहकुटुंब. जाताना तंबूत कोंबडीची हाडं, दह्यात भिजलेल्या पत्रावळी आणि उशीखाली लहान मुलाचा भरलेला लंगोट. एक गृहस्थ बोटीतून नदीत पिचकारी मारत होते आणि दुसरे त्याच पाण्यानं चूळ भरत होते. मला जेवण गेलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. तंबूंतल्या चादरी. ठेकेदार माणूस एका कारखान्यातून एकसारखा माल उचलतो. इथं दोन चादरी एकसारख्या नाहीत. एक वीस वर्षांपूर्वीच्या मोराच्या नक्षीची, एक परवाची, एकीला कुणीतरी निगुतीनं रफू केलेलं, एकीच्या कोपऱ्यात शाईनं नाव घातलेलं. ही घराघरांत वापरलेली पांघरुणं आहेत. अण्णारावांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, लॉटमध्ये मिळाल्या, तुम्ही बोटींकडं लक्ष द्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुपारी साडेबाराला सगळे पाहुणे बोटींवर गेले होते. ऊन मी म्हणत होतं. तंबू बघायला गेलो. चौथ्या तंबूची चेन ओढली आणि आतून असा भपकारा आला की नाकाला रुमाल लावावा लागला. आठ दिवस न घासलेल्या हंड्याचा वास, त्यात कुजलेला झेंडू. गादीवर चादर नीट पांघरल्यासारखी पसरलेली आणि मधोमध ओली. डोकं, खांदे, पाय, सगळा माणसाचा आकार. हात लावला तर बोटांना बुळबुळीत लागलं, भेंडी चिरल्यावर लागतं तसं. चादर उचलली, तर खाली हिरवट तार सुटत वर आली.

सगळे तंबू पाहिले. बारापैकी सातांत हेच. चेनी बाहेरून लावलेल्या, आसपास ओलं पाऊल नाही. पाहुण्यांपैकीच कुणाचातरी चावटपणा म्हणावा, तर ते सगळे नदीत. हात साबणानं चार वेळा धुतले, तरी बोटं एकमेकांना चिकटतात असं वाटतंय.

७ फेब्रुवारी, शनिवार

आजही तेच, आणि आज नवव्या तंबूत पांढरे लांब केस आणि टाचेची कातडी. पाण्यात फुगून सुटलेली, पोळीचा पापुद्रा निघावा तशी. मी तिथंच ओकलो.

चादरी येतात कुठून ते बघायला मी सकाळपासूनच बिरप्पाच्या मागावर होतो. वरच्या अंगाला गावाचा घाट आहे, तिथं कुणाचं तरी दहाव्याचं चाललं होतं. विधी झाल्यावर त्यांनी मयताची गादी, उशी, चादर नदीत सोडली. आपल्याकडं सगळेच सोडतात, आम्हीही वडिलांची सोडली होती. खालच्या वळणावर बिरप्पा बोट आडवी घालून उभा होता. त्यानं काठीच्या आकड्यानं चादर अलगद ओढून घेतली.

मला सगळं कळलं. शाळेच्या सहलीतली पोरं यांत निजतात. पाहुणे तोंडावर ओढून घेतात. अण्णारावांना फोन केला, तोंडाला येईल ते बोललो. ते हसले. उकळत्या पाण्यात धुतो की, म्हणाले, पाण्यात टाकून नासवण्यापेक्षा बरं नाही का?

बिरप्पाला दुपारच्या ओलीबद्दल विचारलं. तो बोटीतलं पाणी उपसत होता, मान वर न करता म्हणाला, ‘‘ज्याची चादर त्यो येतूय. दुपारच्याला घटकाभर निजतूय, जातूय. कुणाला काय करत न्हाईत, साहेब. तुमालाबी हुईल सवय.’’

राजीनामा लिहायला घेतला आणि फाडला. काव्यानं बॅग भरलीय. उद्या परत सासऱ्यांच्या दारात उभं राहायचं आणि काय सांगायचं? माझी घरची चादरही दानम्मानं न विचारता त्याच हौदात, त्याच चादरींबरोबर धुतली. ती आता मी पायानंसुद्धा शिवणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

काव्या आली. नदी बघून लहान मुलीसारखी हरखली. टेकडीच्या पायवाटेवर थोडं चालून आली, बोटीत बसायचा हट्ट धरला, तो मी मोडून काढला. तिला काही सांगितलं नाही. अशा दिवसांत कसं सांगायचं?

दानम्मा सकाळीच लेकीकडं अक्कलकोटला गेलीय, दोन दिवसांनी येईल. तिच्या कोठीत पत्र्याची पेटी आहे, किल्ली खिळ्यालाच होती. उघडली तर तळाशी सहा कोऱ्या चादरी! अण्णारावानं चांगला माल दडवून ठेवला असणार. एकेक उन्हात नेऊन तपासली. लेबल शाबूत, कांजी जशीच्या तशी, दशांना गाठी घट्ट. कांजी आहे म्हणजे पाणी लागलेलं नाही, पाणी लागलं नाही म्हणजे नदीतली नाही. एकवीस वर्षांची नजर आहे ही, फसायची नाही. त्यातली तांबड्या किनारीची सगळ्यात चांगली काव्यासाठी घेतली.

तिनं अंगावर घेतली आणि म्हणाली, किती दिवसांनी नव्या कापडाचा वास आला. मला भरून आलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

काव्या सकाळी दहापर्यंत उठलीच नाही. चेहरा शांत, पण हात गार. उठवलं तर म्हणाली, खूप छान झोप लागली, अजून थोडी झोपते. दुपारी जेवून पुन्हा झोपली. प्रवासाचा शीण असेल.

खोलीत बारीकसा वास येतोय. फिनाइल टाकलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ती दिवसभरात फक्त दोनदा उठली. बोटांची टोकं सुरकुतलीत, खूप वेळ धुणं धुतल्यासारखी. तिनं आज पाण्याला हातही लावलेला नाही. चादर कोरडी आहे, कडक आहे, मी इंच न् इंच तपासली. उशीवर मात्र झेंडूची एक पाकळी होती, काळी पडलेली. मी ती चिमट्यानं उचलली.

बाळ हलतं का, विचारलं. म्हणाली, तोही झोपलाय.

वास तिच्या केसांतून येतोय.

संध्याकाळी दानम्मा परत आली. पडवीतूनच तिनं चादरीची किनार ओळखली आणि हातातली पिशवी तिथंच टाकली. कपाळ बडवून घेत म्हणाली, ‘‘अय्यो देवा! ती कुटनं काडली, साहेब? ती मयतावरची हाय!’’

नातेवाईक मयतावर नवं कापड घालतात. मलाही माहीत आहे, मीही घातलंय. चितेवर ठेवायच्या आधी ते काढून घाटावर ठेवतात. कोरं. कांजीसकट. बिरप्पा तेही उचलून आणतो, आणि दानम्मा कुणाला द्यायचं नाही म्हणून पेटीत घालून ठेवते. ती म्हणाली, ‘‘जुन्या चादरीत माणूस निजून उटलेला असतो. हिच्याखाली निजलेलं कोण उटलं न्हाय.’’

कोरी म्हणून मी ती तिच्या अंगावर घातली. मी. हातानं.

चादर ओढून काढली. कातडीला चिकटली होती, चर्रकन आवाज झाला. काव्या हसली, डोळे न उघडता.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी आठ — फोन लागत नाही. जीप गावात चार वाजता येते. बिरप्पा सायकलवर गाडी शोधायला गेलाय.

साडेदहा — दानम्मा आणि मी चादर बोटीतून मधल्या धारेत नेली. दगड बांधून सोडली. बुडताना डोळ्यांनी बघितली. दानम्मा कानडीत काहीतरी पुटपुटत होती.

बारा — काव्या खाटेवर. अंगावर फक्त तिचं लुगडं, बाकी काही नाही. तळपाय पांढरे, फुगलेले. मनगट धरलं तर बोटांना तार सुटली. तीच. तसलीच. मी हात झटकला.

साडेबारा — मला आत बसवेना. माझी बायको आहे, पोटात माझं लेकरू आहे, आणि मला तिची किळस आली म्हणून मी दार ओढून पडवीत येऊन बसलोय. दोनदा ओकलो. लाज वाटते. पाच मिनिटं, फक्त जरा श्वास घेतो आणि जातो आत —

दानम्मा पाणी तापवतेय. इथून दिसतेय. बिरप्पा अजून आला नाही. म्हणजे आत कुणी —

काव्या बोलतेय. जागी झाली! आवाज स्वच्छ आहे, थोडा लाडिक, माझ्याशी नेहमी बोलते तसा —

म्हणतेय, अहो, सरका की जरा. किती गार पडलेत तुमचे हात, पोटावरून काढा आधी. म्हणतेय, आणि चादर एकट्यानंच ओढून घेऊ नका, ओली असली तरी चालेल, आम्हा दोघांवरही —

मी पडवीत आहे. काव्या, मी इकडं पडवीत —

दार ढकलतोय. आतून कडी