पाणी सोडतानाचा फोटो

सोम. ९ जून
नितीनच्या अमेरिकेतल्या घरून, नोव्हायहून निघून संध्याकाळी पोचलो. नितीनने आठवडाभर तळ्याकाठी खोली घेतली आहे. ह्यांचा कॅमेरा आणला. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी इथल्या पाण्यावर उतरणाऱ्या जुन्या विमानांचे ढीगभर फोटो काढले, सगळे धक्क्याला बांधलेले. "विमानाने पाणी सोडतानाचा एक पाहिजे. पुढच्या खेपेला." हे माघात गेले.

मंगळ. १०
पूजा उरकून धक्क्यावर. पिवळं विमान, वयाने माझ्याहून मोठं. चाकांच्या जागी दोन लांब होड्या. रोज बेटांवर टपाल, दूध, पाव नेतं, आपल्याकडच्या एसटीसारखं. चालवणारे वॉल्टरकाका. विमान धावलं, पाणी सुटलं, आणि माझे हात जोडले गेले. डोळे मिटलेले. कॅमेरा गळ्यात लोंबतोय.
नितीन म्हणाला, "आई, देवळात नाही आलोय आपण."

बुध. ११
पुन्हा तेच. कोणी निघालं की हात जोडायचे, जन्माची सवय. हे कामावर निघाले तरी पाठमोऱ्यांना जोडायची. "मी काय देव आहे?" म्हणायचे. आठवलं. काही वाटलं नाही.
खिचडी. कोथिंबीर महाग, घेतली नाही.

गुरु. १२
उपास. पाऊस, तरी विमान गेलं. हात जोडलेलेच.
नितीन: "मी काढू का? सेकंदाचं काम आहे. बाबांना फोटो हवा होता, कोणी काढला त्याचं काय?"
खरं आहे. तरी नको म्हटलं.

शुक्र. १३
काकांनी विचारलं, रोज हात कशाला जोडता. नितीनने सांगितलं, जाणारा सुखरूप पोचावा म्हणून.
"मग बंद करू नका. इंजिन माझ्यासारखंच म्हातारं आहे."
नितीन हसला. मीही हसले असेन.
उद्या सकाळची फेरी झाली की परत. सोमवारी माझं मुंबईचं विमान. पुन्हा येणं होईलसं वाटत नाही.

शनि. १४
हात जुळू नयेत म्हणून कॅमेऱ्याचा पट्टा दोन्ही मनगटांना गुंडाळून घेतला. बटण दाबलं. होड्यांवरून पाणी गळताना दिसलं. इतके दिवस दिसलं नव्हतं.
"आला का फोटो?" नितीन.
"बघितला नाही."
"मग दाखव ना."
पट्टा सोडेपर्यंत विमान झाडांपलीकडे गेलं होतं. आता कोणाला हात जोडायचे.
नितीनने सामान गाडीत भरलं. "निघूया, आई?" म्हटलं, काका परत येऊ देत. एरवी जेवणाच्या वेळेला येतात. धक्क्यावर बसून लिहिते आहे. जेवणवेळ टळली. तळं अजून रिकामं.