हीटर ठणठणीत आहे

दि. ९ मार्च, दुपार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझा खोकला थांबला का? वाफ घेत जा, आळशीपणा करू नकोस. आम्ही दोघं बरे आहोत. मी फोनवर धड बोलत नाही म्हणून तू फुगलीस, पण हे सारखे शेजारीच असतात. म्हणून लिहितेय.

आमचं भांडी धुवायचं मशीन पाणी तापवत नाहीये. यांनी साफसफाईला उघडलं, तेव्हापासून. फिरतं, पाणी उडवतं, पण ताटं निघतात गार नि तेलकट. जन्मभर लोकांची मशीनं दुरुस्त केलेला माणूस! दुसरा मेकॅनिक बोलावू म्हटलं तर खेकसले, "मी मेलोय का?" मग रोज तेच. जाळी धुवायची, खालचा पत्रा काढायचा, हीटरला मीटर लावायचा. "हीटर ठणठणीत आहे गं!" की पत्रा बंद. पुन्हा गार ताटं. टॉर्च धरून माझा हात भरून येतो, वर बोलणीही मीच खायची.

आज ते आंघोळीला गेल्यावर मीच प्लग उपसून पत्रा काढला. हीटरची एक वायर सुटलेली, टोकाला काळी टेप गुंडाळलेली. तपासताना वायर काढली की टोकाला टेप लावायची, ही यांचीच शिस्त. म्हणजे वायर यांनीच काढली आणि जोडायची विसरतात. रोज. चिमे, भावजींना डॉक्टरांकडे ने म्हणालीस, तेव्हा तुला नाही नाही ते बोलले. तुझंच खरं होतं गं.

वायर जोडली, पत्रा बसवला. ते आल्यावर मशीन लावलं. ताटं अशी कढत निघाली की हात लावता येईना. वाटलं, आता तरी खूश होतील. झाले की! अगदी मनापासून हसले. मग हत्यारं पिशवीत भरली, चपला घातल्या आणि दारात उभे राहून मला म्हणाले, "झालं बघा वहिनी, तुमचं मशीन. निघतो आता. घरी बायको वाट बघत असेल."

मला रडूसुद्धा येईना. "बसा, चहा घेऊन जा," एवढंच सुचलं. बसलेत बाहेरच्या खोलीत, पिशवी मांडीवर घेऊन, परक्याच्या घरी बसावं तसे अवघडून. चहा संपला की पुन्हा उठतील. तेव्हा काय सांगू त्यांना?

ये गं लवकर. मला एकटीला नाही झेपत.

तुझी ताई,
त्यांची वाट बघणारी